मुलांना पहिल्यांदा बर्फात नेताना

मुलांना बर्फ दाखवायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो "कुठे जायचं?" हा. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. आधी "कधी", मग "किती उंचीवर", आणि या दोन्हींची उत्तरं मिळाली की ठिकाणांची लांबलचक यादी आपोआप तीन-चार नावांवर येते. शिवाय बर्फाची सहल फसते ती क्वचितच ठिकाणामुळे. बहुतेक वेळा ती ओल्या हातमोज्यांमुळे फसते. चार वर्षांच्या मुलाची बोटं गारठली की समोर कितीही सुंदर दरी असू दे, त्याला खोलीवर जायचं असतं. म्हणून इथे ठिकाणांपेक्षा कपड्यांबद्दल आणि दिवसाच्या आखणीबद्दल जास्त लिहिलं आहे.

उष्ण हवेत वाढलेली, बर्फ कधीच न पाहिलेली मुलं आणि त्यांचे तितकेच नवखे आईबाबा यांच्यासाठी हा लेख आहे. स्कीइंग शिकायला निघालेल्यांना याचा फारसा उपयोग नाही.

पायरी १: महिना ठरवा

उत्तर गोलार्धात नाताळच्या सुट्टीत बर्फ असणारच, असं आपण धरून चालतो. थंडी डिसेंबरात येते हे खरं. पण जमिनीत मुरलेली ऊब जायला वेळ लागतो, आणि बर्फाचा जाड थर एका रात्रीत पडत नाही. एकामागून एक येणाऱ्या वादळांतून तो साठत जातो. त्यामुळे मध्यम उंचीच्या बहुतेक डोंगराळ ठिकाणी जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बर्फाचा भरवसा सर्वांत जास्त. शाळेतून चार दिवस सुट्टी काढता येत असेल तर ती तेव्हा काढा. गर्दीही कमी असते. डिसेंबरशिवाय जमणारच नसेल तर ठिकाण थोडं अधिक उंच किंवा अधिक उत्तरेचं निवडा.

दक्षिण गोलार्धात हे गणित उलटं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर किंवा चिली-अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतात जुलै-ऑगस्ट हा बर्फाचा हंगाम. मेच्या सुट्टीत उत्तरेकडे जाऊन बर्फ शोधणाऱ्यांना उंच खिंडींत आणि हिमनद्यांवर तो सापडतो, पण तो जुना, खडीसारखा दाणेदार आणि बऱ्याचदा मळकट असतो. मुलाची पहिली ओळख अशा बर्फाशी व्हावी असं मला वाटत नाही.

अजून एक गैरसमज इथेच दूर करू. कडाक्याची थंडी म्हणजे भरपूर बर्फ, असं नसतं. बर्फ पडायला हवेत ओलावा लागतो. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात तिथलं तापमान शून्याच्या खूप खाली जातं, तरी शहरात बर्फ बेताचाच पडतो, कारण ढगांमधलं पाणी आधीच्या डोंगररांगांवरच रितं होतं. याउलट जपानच्या होक्काइडो बेटावर फार उंच न चढताही बर्फाचे ढीग दिसतात. सायबेरियातून येणारा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा उचलतो आणि तो बेटावर हिमरूपात टाकतो. तेव्हा एखाद्या ठिकाणाची माहिती काढताना फक्त "किमान तापमान किती" एवढं विचारू नका. "या महिन्यात जमिनीवर साधारण किती सेंटिमीटर बर्फ असतो" हे विचारा.

किती पुरे? मुलांना १५-२० सेंटिमीटर भरपूर झाला. मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंतच्या बर्फात तीन वर्षांचं मूल कमरेपर्यंत रुततं, त्याला चालता येत नाही, आणि मग ते वैतागतं. जाहिरातीतल्या फोटोंतला पाच फुटी बर्फ मोठ्यांसाठी असतो.

पायरी २: उंची ठरवा, झोपण्याची आणि फिरण्याची वेगळी

दर १,००० मीटर चढलं की हवा सरासरी ६.५ अंशांनी गार होते. खाली गावात १० अंश असतील तर त्याच वेळी २,००० मीटर वर साधारण उणे ३. म्हणजे बर्फ हवा असेल तर चढायला हवं. पण उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही. सुमारे २,५०० मीटरच्या वर झोपायला गेलं की विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. वय, तब्येत, व्यायामाची सवय यांपैकी कशावरूनही तो कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या सहलीत मुक्काम २,५०० मीटरच्या खालीच ठेवा. वरचा बर्फ बघायला दिवसा जा आणि संध्याकाळी उतरून या. मुक्काम त्याहून वर करावाच लागला तर वाटेत एखाद्या मधल्या उंचीच्या गावी एक-दोन रात्री काढा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, हा गिर्यारोहकांचा नियम कुटुंबांनाही लागू आहे.

रोपवे आणि डोंगरी रेल्वे या बाबतीत फसव्या असतात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, आणि तिथली रोपवे दुसऱ्या टप्प्यात माणसाला ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडते. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. बसल्या जागी एवढी चढण झाली की शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. लहान मुलांना घेऊन सर्वांत वरचा टप्पा गाठायची काहीच गरज नसते. खेळण्याजोगा सपाट, मऊ बर्फ बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर असतो. वर असतो तो वारा. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर रोपवेत कान दुखतात. तान्ह्याला अंगावर पाजा, मोठ्याला काहीतरी चघळायला द्या. एक वर्षाच्या आतलं बाळ, किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असलेलं मूल बरोबर असेल तर उंचीचा आकडा सांगून डॉक्टरांशी आधी बोला. दम्याचं मूल असेल तर तेही सांगा, कारण गार कोरडी हवा दमा चाळवते.

पायरी ३: एकच मुक्काम, निदान तीन रात्री

रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल अशी आखणी बर्फात चालत नाही. एका मुलाला बर्फाचे सगळे कपडे चढवायला पाऊण तास लागू शकतो, आणि तेवढ्यात कुणाला तरी शूला लागते. (हे होणारच. शेवटचा थर चढवण्याआधी सगळ्यांना एकदा बाथरूमकडे पिटाळा.) त्यात रोजचं सामान आवरणं आलं तर बर्फात घालवायला वेळच उरत नाही.

एकाच जागी राहा, आणि ती जागा अशी निवडा की दारातून निघून पाच-दहा मिनिटांत चालत एखाद्या मोकळ्या उताराच्या मैदानावर पोचता येईल. प्रसिद्ध ठिकाणापासून थोडं लांब असलेलं पण दाराशी बर्फ असलेलं साधं हॉटेल मी केव्हाही पसंत करेन. मुलं अर्ध्या तासात दमतात, गारठतात, आत येऊन गरम होतात आणि तासाभराने पुन्हा "बाहेर जाऊ या" म्हणतात. हे आत-बाहेर सहज करता आलं पाहिजे. गाडीने तासभर लांब असलेल्या बर्फाशी ते जमत नाही.

आरक्षण करण्याआधी फोन करून हे विचारा: खोलीत रात्रभर गरम राहतं का, की ठरावीक तासच? वीज गेली तर काय सोय? ओले बूट-कपडे वाळवायला जागा आहे का? बर्फ पडल्यावर दारापर्यंतचा रस्ता कोण आणि किती वाजेपर्यंत साफ करतं? आणि खोली गरम कशाने होते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोळशाची शेगडी किंवा खोलीतच जळणारा गॅस हीटर असं आलं तर दुसरं हॉटेल बघा. बंद खोलीत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेत त्याचा पत्ता लागत नाही. बॅटरीवर चालणारं, तो वायू ओळखून वाजणारं छोटं यंत्र मिळतं. थंड प्रदेशात जाताना मी ते सामानात ठेवायला सांगेन.

फार उत्तरेकडे जाणार असाल तर दिवसाची लांबीही बघा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. ध्रुवीय प्रकाश बघायला हे उत्तम, पण घसरगाडी खेळायला आलेल्या मुलाला दुपारी अंधार नको असतो. डोंगरातल्या अरुंद दरीतही ऊन दुपारी तीनच्या सुमारास कड्याआड जातं आणि त्याच क्षणी थंडी वाढते.

पायरी ४: कपडे

इथे घाई करू नका. सहलीचा अर्धा आनंद याच पायरीवर ठरतो.

मुलांचं शरीर लहान, पण वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे त्यांची ऊब आपल्यापेक्षा लवकर निघून जाते. ढोबळ नियम असा की त्याच हवेत मोठ्या माणसाला जेवढे थर लागतील त्याहून मुलाला एक जास्त. पाठीवर किंवा पोटाशी बांधलेल्या बाळाकडे विशेष लक्ष हवं. तुम्ही चालत असता म्हणून तुम्हाला घाम येतो. ते नुसतं बसलेलं असतं, त्याच्या अंगात तेवढी ऊब तयार होत नाही. त्याचे पाय मधूनमधून हाताने चाचपून बघा.

थर तीन. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर टाकणारा हवा, म्हणजे मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल. सुती बनियन नको. सूत ओलावा धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे घामाने भिजलेली सुती बनियन मुलाला आतून गारठवते. मधला थर ऊब धरून ठेवणारा: फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. घरच्या जाड जाकिटावर "गरम" असं लिहिलेलं असलं तरी ते पाणी अडवतं की नाही हे नळाखाली धरून बघा. बर्फात लोळणाऱ्या मुलाला पाणी अडवणारी पँट तर जाकिटाइतकीच महत्त्वाची, आणि नवखी कुटुंबं नेमकी तीच विसरतात. जीन्स घालून बर्फात बसलेलं मूल दहा मिनिटांत ओलं होतं.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना पायापासून मानेपर्यंतचा एकसंध सूट चांगला. कमरेतून बर्फ आत शिरत नाही. त्याचा तोटा वर कंसात सांगितलाच आहे.

आता हातमोजे. लोकरी, विणलेले हातमोजे दिसायला गोड, पण बर्फाला हात लावताच ते भिजतात. पाणी अडवणारे आणि चार बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे मोजे घ्या. बोटं एकमेकांना गरम ठेवतात. मनगटावरून कोपराकडे जाणारी लांब बाही असेल तर ती जाकिटाच्या बाहीवरून ओढून घ्या. प्रत्येक मुलामागे किमान दोन जोड्या हव्यात, त्यातली एक नेहमी तुमच्या पिशवीत कोरडी. दोन्ही मोजे एका दोरीने जोडून ती दोरी जाकिटाच्या बाह्यांतून काढली की हरवत नाहीत. बर्फात पडलेला पांढरा मोजा शोधणं अशक्य असतं, म्हणून रंग भडक घ्या.

बुटांत चूक होते ती घट्ट बसवण्यात. पाय गरम राहावा म्हणून दोन-दोन पायमोजे कोंबले की रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय उलट गार पडतो. एकच जाड लोकरी पायमोजा, आणि तो घालून बुटाचं माप बघायचं. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. तळ खाचांचा हवा. गमबुटात पाणी जात नाही, पण ऊबही राहत नाही. पँटच्या आतली इलॅस्टिकची पट्टी बुटावरून ओढून घेतली की बर्फ आत जात नाही.

मफलर मात्र घसरगाडीच्या किंवा दोरीच्या पाळण्याच्या आसपास नको. तो अडकून गळा आवळू शकतो. त्याऐवजी डोक्यातून घालायचा, मानेभोवती बसणारा गोल पट्टा घ्या. कान झाकणारी टोपी, आणि घसरगाडीसाठी तिच्याऐवजी किंवा पातळ टोपीवरून हेल्मेट.

मुलं वाढतात, तेव्हा जाकीट, पँट आणि बूट जागेवर भाड्याने घेणं किंवा ओळखीच्यांकडून आणणं शहाणपणाचं. थर्मल, पायमोजे आणि हातमोजे मात्र स्वतःचे घ्या. भाड्याचे हातमोजे आदल्या दिवशीच्या पोराच्या घामाने आणि बर्फाने अजून ओले असण्याची शक्यता बरीच.

सगळं जमलं की घरीच एकदा पूर्ण वेश चढवा. चेन लावता येते का, मोजे घालून बाटली धरता येते का, काय टोचतंय. ज्या मुलाला गळ्याशी लागणारी शिलाई सहन होत नाही, त्याची ती तक्रार घरी कळलेली बरी.

एक सूचना गाडीतल्या प्रवासासाठी. मुलांच्या सुरक्षा-खुर्चीत फुगीर जाकीट घालून बसवू नका. धक्का बसला की जाकिटातली हवा दबते, पट्टा सैल पडतो. जाकीट काढून पट्टा घट्ट करा आणि वरून पांघरूण घाला.

पायरी ५: निघण्याआधीचा आठवडा

पाच दिवसांपलीकडच्या बर्फाच्या अंदाजावर फार विसंबू नका. त्या ठिकाणी थेट चित्र दाखवणारा कॅमेरा असेल तर रोज सकाळी तो बघा; ट्रॅव्हल एजंटाच्या फोटोपेक्षा तो खरा. अंदाजात "शून्य अंशाची उंची" (म्हणजे ज्या उंचीवर हवेचं तापमान शून्यावर येतं ती) दिली असेल तर लक्षात ठेवा की हिमकण त्या पातळीच्या खालीही साधारण ३०० मीटरपर्यंत न वितळता येऊ शकतात. त्याखाली पाऊस. बर्फ नसलेलं गाव आणि बर्फाने भरलेलं गाव यांत कधीकधी फक्त एवढ्याच चढाचं अंतर असतं, आणि खाली पाऊस लागला तर थोडं वर जाऊन काम भागतं.

वाऱ्याचा आकडाही पाहा. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २० सारखी लागते. अशा दिवशी झाडीच्या आडोशाला खेळा किंवा आतच थांबा.

पायरी ६: बर्फातला पहिला दिवस

पोचल्याच्या दिवशी काहीही ठरवू नका. दाराबाहेर जा, वीस मिनिटं बर्फ तुडवा, परत या.

बरीच मुलं पहिल्यांदा आनंदाने किंचाळत नाहीत. काही नुसती उभी राहतात, काही रडतात, काहींना पायाखाली जमीन खचतेय असं वाटतं. मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरून "बघ, बर्फ! हात लाव!" असं म्हणत बसू नका. तुम्ही स्वतः खाली बसा आणि खेळायला लागा, मूल येतं. छोटी प्लास्टिकची बादली आणि फावडं बरोबर न्या. ज्याला कसं खेळायचं ते सुचत नाही त्यालाही बादली भरणं सुचतं.

बर्फाचा माणूस करायचा बेत असेल तर आधी मूठभर बर्फ दाबून बघा. गोळा झाला तर जमलं. तापमान शून्याच्या आसपास असतं तेव्हा कणांवर पाण्याचा पातळ थर असतो आणि ते एकमेकांना चिकटतात. खूप थंडीत पडलेला भुसभुशीत बर्फ पिठीसारखा बोटांतून गळतो, त्याचा माणूस होत नाही. त्या दिवशी घसरा, लोळा, हात-पाय पसरून आडवं पडून आकृती उमटवा. कडक थंडीत तोच बर्फ पायाखाली करकरतो, कारण कण वितळण्याऐवजी तुटतात. मुलांना हा आवाज फार आवडतो.

बर्फ पडत असेल तर गडद रंगाचं लोकरी कापड काही वेळ बाहेर गार होऊ द्या आणि त्यावर पडणारे कण भिंगातून दाखवा. सहा कोनांच्या चांदण्या नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. थोड्या मोठ्या मुलांना सांगायला एक गोष्ट: अमेरिकेतल्या व्हर्मांटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याच्या मुलाने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचं छायाचित्र घेतलं, आणि पुढे आयुष्यभर हजारो कणांची छायाचित्रं घेतली. होक्काइडो विद्यापीठातल्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये असा कण प्रयोगशाळेत तयार केला आणि तापमान व ओलाव्यानुसार त्याचा आकार कसा बदलतो ते दाखवलं.

घसरगाडीसाठी उतार निवडताना वरून खाली बघू नका, आधी खाली जाऊन बघा. शेवटी सपाट मोकळी जागा हवी. रस्ता, झाडं, कुंपण, ओढा नको. बसून, पाय पुढे करून घसरायचं. पोटावर झोपून डोकं पुढे, हे पोरांना हमखास सुचतं, आणि डोक्याच्या दुखापती त्यातूनच होतात. चढणाऱ्यांनी उताराच्या कडेने चढायचं.

दर वीस-तीस मिनिटांनी हात आणि गाल तपासा. "थंडी वाजतेय का?" असं विचारून उपयोग नाही, खेळात रमलेलं मूल नाहीच म्हणतं. मोजा काढून बोटं स्वतःच्या गालाला लावा. कोरड्या थंड हवेत तहान जाणवत नाही पण अंगातलं पाणी श्वासावाटे जात असतं, तेव्हा थर्मासमधून कोमट पाणी मागे लागून पाजा. आणि मूल मजेत असतानाच आत या. रडायला लागेपर्यंत थांबलात तर दुसऱ्या दिवशी ते बाहेर यायला तयार होत नाही.

बर्फ खाणार का? खाणार. नुकताच पडलेला, वरचा, स्वच्छ पांढरा बर्फ चिमूटभर जिभेवर ठेवल्याने काही होत नाही. रस्त्याकडेचा, पिवळट किंवा करडा नको. गारठलेल्या लोखंडी कठड्याला जीभ लावायचा मोह मात्र आधीच तंबी देऊन मोडा. तरीही चिकटलीच तर ओढू नका. कोमट पाणी ओतलं की सुटते.

पायरी ७: काय झालं तर काय करायचं

ऊन. थंडीत उन्हाची आठवण राहत नाही. दर १,००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. त्यामुळे हनुवटीखाली, नाकपुड्यांशीसुद्धा त्वचा भाजते. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा आणि अतिनील किरणं अडवणारे गॉगल सगळ्यांना, ढगाळ दिवशीही. गॉगल न घातल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं. तसं झालं तर डोळे चोळू न देता अंधाऱ्या खोलीत विश्रांती, आणि डॉक्टर.

गारठा. नाक, कान, बोटांवर त्वचा पांढरट, बधिर झाली तर लगेच आत या. चोळू नका, आणि बर्फ तर अजिबात चोळू नका. जुन्या लोकांचा तो उपाय घातक आहे. काखेत धरा किंवा ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. शेकोटीवर किंवा हीटरवर धरू नका, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. थोड्या वेळात रंग आणि जाणीव परत आली नाही, त्वचा कडक लागली किंवा फोड आले तर दवाखाना.

सबंध शरीर गार पडणं हे त्याहून गंभीर. खूप कुडकुडणं, मग अडखळणं, बोलणं जड होणं, पेंगुळणं. कुडकुडणारं मूल अचानक शांत झालं तर ते बरं झालं असं समजू नका. ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, अंगाशी धरा, मदत मागवा.

उंची. मोठं मूल डोकं दुखतंय असं सांगतं. लहान मूल फक्त किरकिरतं, खात नाही, उलटी करतं, झोपत नाही. २,५०० मीटरच्या वर ही लक्षणं दिसली की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत उंचीचाच त्रास समजा. आणखी वर जाऊ नका. बरं वाटत नसेल तर रात्र असली तरी खाली उतरा. श्वास लागणं किंवा चालताना तोल जाणं ही तातडीची लक्षणं आहेत.

आणि काही सरळ मनाया. गोठलेल्या तळ्यावर पाऊल नाही, स्थानिक यंत्रणेने परवानगी दिलेली जागा सोडून. छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखाली उभं राहायचं नाही. बर्फाच्या ढिगात बोगदे खणायचे नाहीत, ते कोसळतात. ३० ते ४५ अंशांच्या उघड्या उतारांवर हिमस्खलन होतं, तेव्हा खुणा केलेल्या, राखलेल्या जागेबाहेर जायचं नाही, मग वाटेत कुणीही "पुढे अजून मस्त बर्फ आहे" म्हणो.

पायरी ८: रस्ता आणि राखीव दिवस

बर्फाळ घाटात स्वतः गाडी चालवायची सवय नसेल तर स्थानिक चालक घ्या. हिवाळी टायर आणि साखळ्या आहेत का, हे विचारायला लाजू नका. सर्वांत धोकादायक रस्ता पांढरा दिसत नाही, तो फक्त ओला दिसतो; पुलांवर आणि सावलीच्या वळणांवर पाण्यासारखा पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो. गाडी बर्फात अडकली आणि ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी मागची धुराची नळी मोकळी करा, नाहीतर धूर आत येतो. गाडीत पांघरुणं, पाणी, टॉर्च आणि खाऊ असू द्या.

परतीच्या विमानाआधी एक संपूर्ण दिवस राखीव ठेवा. रस्ते बंद होतात, विमानं रद्द होतात, आणि शाळा-ऑफिसची तारीख डोक्यावर असली की माणसं बंद होऊ घातलेल्या घाटात गाडी घालतात. विमा घेताना प्रवास रद्द होण्याची भरपाई आहे का आणि घसरगाडीसारख्या खेळांतली दुखापत त्यात येते का, हे वाचा. एकच पालक मुलाला घेऊन परदेशी जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र मागितलं जाऊ शकतं.

मोबाईल आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. कॅमेरा खोलीत आणताना घट्ट बंद पिशवीत ठेवून हळूहळू गरम होऊ द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. शेवटच्या रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते हीटरपासून हातभर लांब ठेवा. सकाळी न वाळलेलं सगळं वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा, आणि एका जोडीचे कोरडे पायमोजे प्रत्येकासाठी हातातल्या बॅगेत राहू द्या.